आकाशातला खुंटा

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन कृष्णाला जे विचारतो, त्यात व्यवहारी माणसाची नड आहे. स्थितप्रज्ञ कशाला म्हणायचे हे त्याला हवेच आहे, पण असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हेही त्याला ऐकायचे आहे. स्थैर्य वागण्यात कसे ओळखायचे, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडे या प्रश्नाचे जे लोकप्रिय उत्तर रुळले, ते मात्र वागण्यापेक्षा न वागण्याचे आहे. घरात मयत झाली आणि डोळ्यांत पाणी नाही, चारचौघांत अपमान झाला आणि कपाळाला आठी नाही, की लोक म्हणतात, काय स्थितप्रज्ञ माणूस आहे! या समजुतीत स्थैर्य म्हणजे कठीणपणा, आणि जो जितका कठीण तो तितका पोहोचलेला. मला या समजुतीविरुद्ध बोलायचे आहे. प्रतिकाराची एक मात्रा ठरवून तिला चिकटून राहणे म्हणजे स्थैर्य नव्हे. एका न बदलणाऱ्या मापाकडे पाहत आपला प्रतिकार क्षणोक्षणी कमीजास्त करता येणे, आणि तसे करताना आपल्याकडून नवा धक्का न देणे, याला मी स्थैर्य म्हणतो. त्याचा पुरावा धर्मग्रंथांत आहेच. पण मी तो आधी एका यंत्रातून घेणार आहे. विजेच्या साह्याने ज्यातला द्रव घट्ट किंवा पातळ करता येतो, असा कंप शमवणारा डॅम्पर हे ते यंत्र. हलत्या जगात एखादी वस्तू शांत कशी ठेवायची, हा प्रश्न त्याच्या रचनाकारांना आकड्यांत सोडवावा लागतो, आणि आकड्यांपुढे गोड समजुती फार काळ टिकत नाहीत.

सुरुवात साध्या डॅम्परपासून करू. मोटारीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेलाने भरलेले नळकांडे असते, त्यात बारीक वाटा ठेवलेला दट्ट्या असतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. डॅम्परचे काम एवढेच, की दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटांतून जायला भाग पाडायचे आणि हालचालीतली ऊर्जा उष्णतेत घालवायची. स्प्रिंगवर तोललेल्या प्रत्येक वस्तूला डोलण्याचा स्वतःचा ताल असतो. मोटारीच्या सांगाड्याचा तो सेकंदाला साधारण एक ते दीड हेलकावा इतका असतो. रस्त्याचे हेलकावे नेमके त्याच तालात आले, तर छोटे धक्के साचत साचत मोठे होतात. यालाच रेझोनन्स म्हणतात. तिथे डॅम्पर जितका कडक तितका बरा. पण धक्क्यांचा ताल वस्तूच्या स्वतःच्या तालाच्या १.४१ पटीच्या, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाच्या, पुढे गेला की हिशेब फिरतो. त्या पलीकडे डॅम्पर जितका कडक, तितका रस्ता गाडीत बसलेल्याच्या पाठीपर्यंत अधिक पोहोचतो. एका स्प्रिंगवर तोललेल्या एका वस्तूचे हे गणित आहे, आणि ते कारागिराच्या हातचलाखीने बदलत नाही. त्यामुळे ज्या डॅम्परचा कडकपणा एकदाच ठरवलेला असतो, त्याच्या नशिबी कायमची तडजोड येते. लांब हेलकाव्यांसाठी तो कडक केला तर खडबडीत रस्त्यावर गाडी दणके देते, आणि खडबडीसाठी मऊ केला तर लाटेसारख्या रस्त्यावर ती डोलत राहते.

यातून कठीणपणाच्या समजुतीला पहिला तडा जातो. कडक डॅम्पर धक्का अडवतो असे आपल्याला वाटते, पण वेगाने येणाऱ्या धक्क्यांच्या बाबतीत तो धक्क्याची वाट होऊन बसतो. विरोध करण्यासाठी त्याने दोन्ही टोके घट्ट धरलेली असतात, म्हणून एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी मिळते. जो माणूस प्रत्येक बोलण्याला, प्रत्येक बातमीला, प्रत्येक टोमण्याला मनातून कडक होऊन सामोरा जातो, तो बाहेरून अचल दिसेल, पण आत तो सगळी थरथर घेत असतो. दुसरीही एक गोष्ट या यंत्रातून कळते. द्रव डॅम्परचा विरोध गतीतून जन्माला येतो; दट्ट्या हललाच नाही तर शमनही होत नाही. म्हणजे शांत होण्यासाठी आधी थोडे हलावे लागते. प्राचीन स्टोइकांना हे नीट ठाऊक होते. रोमन लेखक ऑलस गेलियसने एका वादळी समुद्रप्रवासाची हकिकत लिहून ठेवली आहे. त्या जहाजावरचा स्टोइक तत्त्वज्ञही इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. पुढे त्याला याबद्दल विचारले तेव्हा त्याने एपिक्टेटसचा दाखला दिला. पहिला धक्का शहाण्यालाही बसतो, कारण तो त्याच्या हातात नसतो. त्या धक्क्याला मनाने रुकार द्यायचा की नाही, एवढेच त्याच्या हातात असते. आकांताला भावनाशून्यतेने उत्तर द्या, असे स्टोइक सांगतात ही ऐकीव गोष्ट आहे. चेहरा पांढरा पडण्याला त्यांच्या शहाणपणात जागा होती.

आता त्या विशेष द्रवाकडे येऊ. अमेरिकेत विलिस विन्स्लो यांनी १९४७ साली एका द्रवाचे पेटंट घेतले. तेलात बारीक कण मिसळायचे आणि त्यावर तीव्र विद्युतक्षेत्र लावायचे, की कणांच्या साखळ्या बनून द्रव आळतो. पुढच्याच वर्षी तिथल्याच राष्ट्रीय मानक संस्थेत जेकब रॅबिनो यांनी हेच काम लोखंडाचे कण आणि चुंबकक्षेत्र वापरून केले. पहिल्या जातीच्या द्रवाला हजारो व्होल्ट लागतात आणि त्याची ताकद काही किलोपास्कलवर थांबते. दुसऱ्याला गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते, आणि त्याची ताकद ५० ते १०० किलोपास्कलपर्यंत जाते. म्हणून आज बहुतेक ठिकाणी रॅबिनोंच्याच वाटेने जातात. काही मायक्रॉन जाडीचे शुद्ध लोखंडाचे कण तेलात तरंगत असतात. दट्ट्यातल्या वेटोळ्यातून वीज गेली की वाटेतले कण प्रवाहाला आडवे, रांगेने उभे राहतात, आणि वीज थांबली की पांगतात. हे सारे काही मिलिसेकंदांत होते. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका मोटारीत असे डॅम्पर बसले. त्याच वर्षी चीनच्या हुनान प्रांतातल्या दोंगतिंग सरोवरावरील पुलाच्या तिरप्या तारांनाही ते लावले गेले. पावसाचे ओघळ तारेवरून वाहू लागले की तिचा आकार बदलतो आणि मध्यम वाऱ्यातही ती जोरात थरथरू लागते, हे तिथले दुखणे होते.

पण द्रव हुकमी झाला म्हणून डॅम्पर शहाणा होत नाही. घट्ट कधी व्हायचे आणि पातळ कधी, हे ठरवावे लागते. चाक उंचवट्यावर चढते तो क्षण सावकाश पाहू. चाक झपाट्याने वर येते, सांगाडा नुकता कुठे वर निघालेला असतो, आणि दोघांतले अंतर कमी होत असते. या क्षणी डॅम्पर कडक असेल तर चाकाला केलेला त्याचा विरोध म्हणजेच सांगाड्याला खालून मिळालेला धक्का. म्हणून इथे द्रव पातळ हवा. लगेच चाक उंचवटा ओलांडून खाली घसरते, सांगाडा मात्र मिळालेल्या वेगाने वरच चाललेला असतो, आणि अंतर वाढू लागते. आता डॅम्पर कडक झाला तर तो सांगाड्याला खाली ओढून धरेल. म्हणून इथे द्रव घट्ट हवा. विरोधाने सांगाडा सावरणार असेल तर विरोध करायचा आणि ढकलला जाणार असेल तर सोडून द्यायचे, एवढाच नियम. प्रतिकार बदलतो आहे, नियम बदलत नाही.

या यंत्राला एक बंधनही आहे, आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. ते ढकलू शकत नाही. आपल्या दोन टोकांमधल्या सापेक्ष गतीला विरोध करणे, कमी किंवा जास्त, एवढेच त्याच्या हातात आहे. स्वतःची ताकद लावून वस्तूला उलटा धक्का देणारी व्यवस्थाही असते. टोकियोतल्या क्योबाशी सेइवा इमारतीवर १९८९ मध्ये तशी व्यवस्था बसली. तिची क्षमता मोठी, पण तिच्या जातीला एक जोखीम चिकटलेली आहे. मोजमाप, हिशेब आणि हालचाल यांत थोडा उशीर झाला, की डावीकडच्या झोक्याला दिलेले उत्तर इमारत उजवीकडे परतत असताना पोहोचू शकते. मग ज्याने शमवायचे त्यानेच झोका वाढवला असे होते. रचनाकाराला याची तजवीज आधीच करावी लागते. नुसता विरोध करणाऱ्या डॅम्परकडून चूक झाली तर काम निकृष्ट होईल, पण तो आपल्या पदरची ऊर्जा घालून कंप भडकवू शकत नाही. शिवाय भूकंपात वीज गेली तरी त्याला छोटी बॅटरी पुरते, आणि तीही संपली तर तो साधा डॅम्पर म्हणून उरतो. अपमानाला प्रतिअपमान आणि रागाला उलटा राग हे धक्का देणाऱ्या व्यवस्थेचे उत्तर आहे. ते अचूक वेळी, अचूक मात्रेत दिले तर चालेलही, पण माणसाच्या मनाचा उशीर पाहता ते बहुधा चुकीच्या झोक्यावर पोहोचते. प्रतिधक्क्याचा हक्क सोडणे ही दुबळेपणाची खूण मानली जाते. इथे तर तीच सुरक्षिततेची अट आहे.

डॅम्परची रचना करताना खरी कसोटी लागते ती मऊपणाची. विरोध वाढवायचा असेल तर द्रवाची वाट अरुंद करावी, हे कोणालाही सुचेल. पण वाट अर्धी केली की चुंबकाच्या हुकमतीतला विरोध साधारण दुपटीने वाढतो, आणि तेलाच्या चिकटपणाचा, वीज बंद असतानाही राहणारा विरोध आठपटीने. म्हणजे कडक होण्याच्या हौसेपायी डॅम्पर मऊ होण्याची शक्तीच गमावतो. लोखंडही मुद्दाम असे निवडतात, की चुंबकत्व त्यात चटकन येईल आणि चटकन ओसरेल. जे लोखंड आधीचा क्षण धरून ठेवते ते इथे निरुपयोगी. ज्ञानदेवांनी नेमका इथेच डोळसपणा दाखवला आहे. गीतेत कासव अवयव आत ओढून घेते, एवढेच आहे. ज्ञानेश्वरीतले कासव मात्र खुशीत असले की अवयव पसरते आणि मनात आले की आवरते. आवरण्याइतकेच पसरणेही त्या दृष्टान्तात आले आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात उपेक्खेचा, म्हणजे समत्वाचा, दूरचा शत्रू आसक्ती आणि द्वेष हा सांगितला, पण जवळचा शत्रू म्हणून अज्ञानातून आलेल्या बेफिकिरीकडे बोट दाखवले. जवळचा शत्रू तो, जो समत्वासारखाच दिसतो. ज्याला काही पोहोचतच नाही तो शांत असतो, पण त्याची शांतता अज्ञानाची असते. घरातले अश्रू न दिसणारा माणूस आणि अश्रू दिसूनही न ढळणारा माणूस लांबून सारखेच दिसतात.

इथे पहिला आक्षेप येणारच. यंत्राला मन नाही, दुःख नाही, मोक्षाची इच्छा नाही; तेव्हा तेल आणि लोखंडावरून माणसाच्या धर्माचे काय सिद्ध होणार? आक्षेप अर्धा खरा आहे. डॅम्परवरून माणसाने कसे जगावे हे सिद्ध होत नाही. पण एखादी कल्पना मुळात सुसंगत आहे की नाही, हे तपासायला उदाहरण पुरते. जितका कठीण तितका स्थिर, हे विधान सार्वत्रिक म्हणून केले जाते, आणि ते खोटे ठरायला एक प्रतिउदाहरण बस्स आहे. तसेच, प्रतिकार सतत बदलत राहिला आणि तरी स्थैर्य टिकले ही गोष्ट अशक्य नाही, हे दाखवायलाही चालते-बोलते एक यंत्र पुरते. शिवाय माणसाच्या बाजूचा पुरावा यंत्रातून घेतलेला नाही. तो स्टोइक, बौद्ध आणि वारकरी या तीन वेगळ्या मुळांच्या परंपरांतून आला आहे. यंत्राने फक्त त्या तिघांच्या म्हणण्यातला समान सांगाडा उघडा केला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. क्षणोक्षणी बदलणारा प्रतिकार म्हणजे वारा येईल तशी पाठ फिरवणेच नव्हे काय? अशा माणसाला स्थिर म्हणायचे की संधिसाधू? याचे उत्तर चुंबकीय द्रवावर चालणाऱ्या कृत्रिम गुडघ्यात आहे. आइसलंडच्या ओसुर कंपनीचा ‘रिओ नी’ हा त्यातला नावाजलेला नमुना. पाय जमिनीवर टेकून अंगाचा भार आला की गुडघ्याने तग धरला पाहिजे, नाहीतर माणूस कोसळेल. तोच पाय पुढे टाकताना गुडघा सैल सुटला पाहिजे, नाहीतर माणूस अडखळेल. एकाच पावलात गुडघा कडकही होतो आणि सैलही. त्याला कोणी संधिसाधू म्हणणार नाही, कारण दोन्ही वेळा तो एकाच गोष्टीची सेवा करतो: माणूस उभा राहून पुढे जावा. संधिसाधूचा प्रतिकार बदलतो आणि त्याचे मापही बदलते. आपल्या फायद्यानुसार तो दोन्ही सरकवतो. उलट ज्याचा प्रतिकार कधीच बदलत नाही, त्याने मापाकडे पाहणे बहुधा कधीच सोडलेले असते. निष्ठा तपासायची असेल तर माणूस कुठे कडक झाला हे पाहून भागत नाही. कडक होताना आणि सैल सुटताना त्याची नजर एकाच ठिकाणी होती का, हे पाहावे लागते.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. जगात अन्याय असताना शमवणाऱ्याचे गुणगान करणे, म्हणजे सोसणाऱ्यांना आणखी सोसायला सांगणे नव्हे का? समत्वाचा असा वापर झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गाडी डॅम्परने चालत नाही. ती इंजिनाने चालते, आणि वजन स्प्रिंग पेलते. डॅम्पर शमवतो तो कंप, म्हणजे जागच्या जागी होणारी ये-जा, जिच्यातून कोणी कुठे पोहोचत नाही. दोंगतिंगच्या पुलाची तार थरथरली म्हणून एकही वाहन पलीकडे जात नाही. तार तेवढी झिजते. अन्यायाविरुद्धच्या रागाला दिशा असते, आणि तो इंजिनाच्या बाजूचा आहे. त्याच रागातली तडफड आणि दिवसरात्र मनात चालणारी उलटसुलट भांडणे, ही कंपाच्या बाजूची. टिळकांनी ‘गीतारहस्या’त बुद्धीच्या समतेची जोड कर्मत्यागाशी न घालता कर्माशी घातली, ती याच कारणाने पटण्यासारखी आहे. शमनाचा लाभ सर्वांत जास्त होतो तो वेगाने जाणाऱ्याला. उभ्या गाडीला डॅम्परची गरज नसते.

शेवटचा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. प्रतिकार बदलायचा तो कोणत्या मापाकडे पाहून? १९७४ मध्ये अभियंते कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध कमीजास्त करता येणाऱ्या डॅम्परसाठी एक कल्पना मांडली. डॅम्परचे दुसरे टोक हलत्या चाकाला न बांधता आकाशातल्या एका अचल खुंट्याला बांधलेले आहे असे माना, आणि त्या काल्पनिक डॅम्परने जे केले असते ते खऱ्या डॅम्परकडून शक्य तितके करून घ्या. आकाशात खुंटा नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरी त्याच्या मापाने चालवलेली गाडी खरोखरच शांत चालते. भक्त म्हणेल, माझा खुंटा खरा आहे, तो विटेवर उभा आहे. बौद्ध म्हणेल, खुंटा कुठेच नाही, आणि बांधून घेणारा मीही नाही. डॅम्पर या वादाचा निकाल देत नाही, पण वादातला एक मोहरा तो उचलून ठेवतो: एखादा माणूस स्थिर आहे, एवढ्यावरून त्याचा खुंटा खरा असल्याचे सिद्ध होत नाही. म्हणूनच एकमेकांना छेद देणाऱ्या धर्मांत अस्सल शांत माणसे निपजतात, याचे नवल वाटायला नको. भक्ताला हे उणे वाटेल. देव म्हणजे काय नुसती मोजपट्टी, असे तो विचारील. तो देवावर जे प्रेम करतो त्याचा हिशेब या युक्तिवादात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. इथे दावा फक्त स्थैर्यापुरता आहे: त्याला भार पेलणारा आधार लागत नाही, पण स्वतःची गती ज्याच्याशी ताडून पाहावी असे काहीतरी लागतेच.

आणि ते ताडून पाहणे सोपे नाही. खुंटा नसल्यामुळे गाडीला आपली खरी गती आपल्याच संवेदकाच्या नोंदी साठवून काढावी लागते, आणि त्या साठवणीत बारीक चूक साचत जाऊन हिशेब हळूहळू भरकटतो. म्हणून रचनाकार फार सावकाश होणारे बदल त्या हिशेबातून गाळून टाकतात. याचा दुसरा फायदा असा, की घाट लागला तर गाडी आकाशातल्या खुंट्याला चिकटून वर चढायला विरोध करत नाही. रस्ताच उंच झाला असेल तर गाडीनेही उंच झाले पाहिजे. जवळच्या माणसाचा मृत्यू, म्हातारपण, देशांतर हे खड्डे नाहीत, घाट आहेत. त्यांच्यापुढे न हलणाऱ्याला स्थितप्रज्ञ म्हणणे म्हणजे घाटात तळाशीच थांबलेल्या गाडीचे कौतुक करणे. ज्याच्या घरात मयत झाली आणि जो रडला, महिनोनमहिने वेगळा झाला, पण त्या दुःखाची सल त्याने दुसऱ्या कोणावर उगवली नाही, त्याच्याकडे पाहून अर्जुनाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर अधिक नीट मिळाले असते.